शेवट दुरुस्त करणारे तायडे सर

तायडे सरांनी सांगितलेल्या एकाही पिक्चरमध्ये कधी कोणी मेलं नाही. गोळ्या सुटायच्या, पूल कोसळायचे, नायिकेला असाध्य आजार व्हायचा, नायक पुरात वाहून जायचा, आणि तरी शाळेची घंटा होईपर्यंत सगळी मंडळी सुखरूप परत येऊन जेवायला बसलेली असायची. जेवायला बसणं हा सरांचा ठरलेला शेवट. काय जेवले तेही ते सांगत. बहुतेक वेळा रोडगे आणि वांग्याची भाजी. परदेशात घडणाऱ्या पिक्चरमध्येसुद्धा रोडगेच.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते पार्टिशनच्या पलीकडून. अकोल्याच्या जुन्या शहरात आमची विनाअनुदानित शाळा होती, आणि आठवी अ आणि आठवी ब यांच्यामध्ये भिंत नव्हती, प्लायवूड होतं. अलीकडे मी गणित शिकवायचे, पलीकडे तायडे सर इतिहास आणि मराठी. शुक्रवारी शेवटच्या तासाला ते पुस्तक मिटून पिक्चर सांगायला बसत. माझी मुलं क्षची किंमत काढायचं सोडून प्लायवूडला कान लावत आणि मी चिडत असे. मी मुळातच चिडकी आहे. शिवाय सिनेमाचं मला कधी वेड नव्हतं. जी माणसं नाहीतच त्यांच्यासाठी डोळे पुसत बसायचं, हे मला जमत नाही.

एकदा सुट्टीच्या दिवशी घरी टीव्हीवर एक पिक्चर लागला होता. पाहते तर सरांनी नुकताच सांगितलेला. गोष्ट ओळखीची वाटली म्हणून मी शेवटपर्यंत बसले, आणि शेवटी नायक दवाखान्याच्या पायरीवर मेला. चांगला पांढऱ्या चादरीत गुंडाळून नेला त्याला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी सरांना धरलं.

"सर, तो तर मरतो."

"कोण?"

"तो नायक. पोरांना तर तुम्ही सांगितलं की बरा झाला, बहिणीचं लग्न लावलं, पंगत बसली."

सरांनी खिशातली बडीशेपेची डबी काढली, आधी माझ्यापुढे धरली, मग स्वतः चिमूटभर घेतली. "तेवढं मी दुरुस्त केलं, मॅडम," ते म्हणाले. सायकलचं पंक्चर काढल्याचं सांगावं, इतक्या सहज.

त्यांच्या या धंद्याला निमित्तही तसंच होतं. ते लोडशेडिंगचे दिवस होते. आमच्या मुलांच्या घरी टीव्ही असला तरी पिक्चर अर्ध्यावर आला की वस्तीची वीज जायची. नायक संकटात सापडला आणि अंधार झाला, असं दर आठवड्याला. मग सकाळी प्रार्थना संपली की सात-आठ मुलं सरांना गाठायची आणि विचारायची, सर, पुढं काय झालं? सरांनी तो पिक्चर पाहिलेला असायचाच. नसला तर ते टॉकीजमध्ये किंवा कुणाच्या घरी जाऊन पाहून यायचे, पण न पाहता कधी सांगायचे नाहीत. तेवढा त्यांचा नियम होता. दुरुस्ती करायची तर आधी काय बिघडलंय ते माहीत पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

सांगण्याची तऱ्हाही ठरलेली. आधी वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायच्या, कारण पिक्चरला अंधार लागतो. मानेवर कॉलरच्या आत घामासाठी ठेवलेला रुमाल काढून टेबलावर घडी करून ठेवायचा. मधेच 'मध्यंतर' म्हणून थांबायचं, तेव्हा मुलांनी माठाशी जाऊन पाणी प्यायचं. आणि मूळ पिक्चरमध्ये जिथं वाईट व्हायला सुरुवात होते तिथं आलं, की आवाज खाली आणून म्हणायचं, "आता खरं सांगतो." हे वाक्य आलं की समजायचं, आता इथून पुढं सगळं सरांचं. मुलांना अर्थातच ते माहीत नव्हतं.

मी एकदा विचारलं, "मग इतिहासात पण दुरुस्ती करता का?"

"नाही बाप्पा," ते एकदम गंभीर झाले. "इतिहासाले हात नाही लावायचा. थो परीक्षेले येते."

ही खोड त्यांना कुठून लागली ते मला पातूरला कळलं. सरांचं घर पातूरचं, रोज एसटीनं अकोल्याला येत. त्यांनी लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची माय. लहानपणी देवीच्या साथीत तिचे दोन्ही डोळे गेलेले. एका रविवारी आम्ही शाळेची चार माणसं पातूरची लेणी पाहायला गेलो होतो, तेव्हा सरांनी घरी चहाला नेलं. म्हातारी घराशेजारच्या बुद्धविहाराच्या पायरीवर ऊन खात बसली होती. पावलं ओळखून तिनं विचारलं, "बाबू, संग कोण हाय?" सरांनी आमची एकेकाची ओळख करून दिली, आणि प्रत्येकाचं रूप थोडं सुधारून सांगितलं. मी गोरी आणि हसतमुख आहे हे मला तिथं समजलं.

म्हातारीला पिक्चरचा भारी नाद. गावात पूर्वी तंबूतली टॉकीज यायची. मजुरीवरून आली की ती लेकाचं बोट धरून तिकडं जायची. गाणी तिला ऐकू येत, बाकीचं पोराने कानात सांगायचं. पहिल्यांदा पिक्चरमधली सून मेली तेव्हा पोराने खरं सांगितलं, तर माय घरी येईपर्यंत रडत होती आणि रात्री भाकर केली नाही. तेव्हापासून बाबूनं सुना मरू दिल्या नाहीत. भूक लागलेल्या लेकरानं शोधलेली ती युक्ती होती, पण ती त्यांना जन्माची चिकटली.

चहा पिता पिता म्हातारी मला म्हणाली, "मॅडम, लोकं म्हंतेत पिक्चरमंदी लय मारामारी. पण मी इतके पाह्यले, कोणीच नाही मरत. लोकं उगीच बोलतेत." सर कपबशा उचलायला आत गेले.

मग मंदीचं वर्ष आलं. पेपरात ती कुठल्या तरी लांबच्या देशात सुरू झाली होती. आमच्याकडे ती डाळमिलमधून आली. आधी रात्रपाळी बंद झाली, मग एक दिवसाआड काम, मग एकेका मिलचं फाटक लागलं. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांचे बाप मिलमध्ये हमाल नाहीतर चाळणीवर होते. दुपारच्या वेळी जुन्या शहराच्या गल्ल्यांतून ओट्याओट्यावर धडधाकट माणसं बसलेली दिसू लागली. मुलांचे डबे बदलले. मधल्या सुट्टीत काही मुलं डबा उघडताना झाकण आपल्याकडे वळवून धरायची, म्हणजे आतलं दुसऱ्याला दिसू नये. फी यायची थांबली आणि आमचे पगार अर्ध्यावर आले. मुलं एकेक करून महापालिकेच्या शाळेत जाऊ लागली. आठवीच्या दोन तुकड्यांतली एक जाणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आणि ती जाणार म्हणजे तायडे सर जाणार, कारण ते माझ्यानंतर लागलेले.

पण त्यांच्या वर्गाचा पट टिकून होता. माझ्या तुकडीतली मुलं गळत होती आणि ब तुकडीतली येत होती. याचं कारण मी पार्टिशनमधून ऐकत होते. सरांनी आता पिक्चरच्या बाहेरही दुरुस्ती सुरू केली होती. निकिता नावाची एक मुलगी होती, बारीक, टपोऱ्या डोळ्यांची, पहिल्या बाकावर बसणारी. तिचा बाप मिलमध्ये मुकादम होता आणि चार महिने घरी बसून होता. घरात सुरतेला जायचं चाललं होतं. ती रडवेली होऊन आली की सर म्हणत, "आता खरं सांगतो. दिवाळीच्या आत तुह्या बाबाची मिल सुरू होते. मालक मशीन बदलून राहिला. त्याले थोडा टाइम लागते." निकिता घरी जाऊन हे सांगायची, आणि घरचे थांबायचे. दिवाळी आली नि गेली. मग सर म्हणाले संक्रांत. संक्रांतही गेली. मग ते होळी म्हणू लागले.

मी एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "सर, पिक्चरचं ठीक आहे. पण हे बरं नाही."

"मॅडम, मी खोटं नाही सांगून राहिलो," ते म्हणाले. "अजून शेवट झाला कुठं? जे झालंच नाही, ते खोटं कसं?" त्यांच्या चेहऱ्यावर इतका भाबडेपणा होता की मी वह्या उचलून वर्गावर गेले. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या दिवसांत होळीपर्यंत थांबावंसं वाटत होतं.

अशात नदीपलीकडच्या टॉकीजचा मॅनेजर एक दिवस स्वतः शाळेत आला. मंदीनं त्याचाही हॉल ओस पडला होता. आठवडाभर खेळच होत नव्हते, पंधरा-वीस माणसं जमली तरच मशीन चालू करायचे. त्याच्याकडे कार्टूनचा एक परदेशी पिक्चर येऊन पडला होता, हिंदीत केलेला. शाळांनी यावं, तिकीट नावापुरतं, असं म्हणत त्यानं पोस्टर उलगडलं. काळ्या पार्श्वभूमीवर मातीची एक बाहुली आणि तिच्या ओंजळीत एक लाल ठिणगी. हेडमास्तर पाठक सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "बाहुली आहे म्हणजे मुलांचाच," ते म्हणाले. "स्वच्छ करमणूक. पालकांनाही बरं वाटेल." कार्टून म्हणजे ससे, उंदीर आणि हसणं, याबद्दल आमच्यापैकी एकालाही शंका नव्हती. मला तर नव्हतीच, कारण मला कशातलंच काही कळत नव्हतं.

सरांचा नियम होता आधी पाहून येण्याचा. पण पाहणार कधी? खेळ होत नव्हते. आणि खरं म्हणजे त्यांना घाई झाली होती. इतकी वर्षं ते बंद खिडक्यांच्या वर्गात तोंडानं पिक्चर दाखवत होते, आणि आता तीच मुलं मोठ्या पडद्यासमोर बसणार होती. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आणि येताना पातूरहून मायलाही आणलं होतं. तिनं कित्येक वर्षांत टॉकीज पाहिली नव्हती. पाहिली नव्हती असंच ती म्हणायची.

सोमवारी सकाळी मोर्णेच्या पुलावरून दोन-दोनच्या रांगेत मुलं निघाली, मध्ये सरांचा हात धरून म्हातारी. निकितानं तिचा दुसरा हात धरला होता. हॉलमध्ये म्हातारीच्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला निकिता, आणि मी त्यांच्या बरोबर मागच्या रांगेत. दिवे गेले तेव्हा मुलांनी शिट्ट्या मारल्या. सरांनी त्या मारू दिल्या.

पिक्चर असा होता. एक मोठं शहर. त्याच्या मधोमध एक धुराडं, आणि त्या धुराड्याच्या बुडाशी जळणारी आग साऱ्या शहराला पुरत होती. एक दिवस काजळीचं एक जनावर येतं आणि ती आग गिळतं. मग घराघरातल्या चुली विझू लागतात. जिथं चूल विझेल तिथली माणसं हळूहळू राखाडी होतात आणि बसल्या जागी दगड होतात. एक म्हातारा कुंभार मातीची मुलगी घडवतो, तिच्या ओंजळीत शेवटची ठिणगी ठेवतो आणि म्हणतो, ही धुराड्यापर्यंत ने. पण माती कच्ची. ठिणगी जवळ धरली तर मुलीला तडे जातात, लांब धरली तर ठिणगी विझते.

मध्यंतरापर्यंत सरांची कुजबूज आणि पडदा बरोबर चालले होते. "आता ती नाल्यातून चालली, माय. अंधार हाय. घाबरली नाही." मुलांच्या शिट्ट्या बंद झाल्या होत्या. पडद्यावर ओट्याओट्यावर राखाडी माणसं बसलेली होती, हात गुडघ्यांवर ठेवून. माझ्या शेजारचा एक मुलगा ते पाहून खुर्चीत खाली सरकला.

मध्यंतरानंतर मुलीचा एक हात गळून पडला. पुढून सरांचा आवाज आला, "थकली. बसली थोडी." मग तिचा गुडघा फुटला. सर म्हणाले, "चालून राहिली, माय, चालून राहिली." ती सरपटत धुराड्याशी पोचते तेव्हा ठिणगी अजून जिवंत असते. पण मागं वळून पाहते तर शहरात कोणीच उरलेलं नसतं, सगळेच दगड झालेले. ठिणगी कोणासाठी लावायची? ती ओंजळ उघडते. ठिणगी एकदा लाल होते आणि विझते. मुलीची माती होते. पडदा काळा होतो, आणि काळाच राहतो. गाणं नाही, काही नाही.

त्या काळोखात सर बोलत होते. आवाज फुटत होता पण ते थांबले नाहीत. "पोचली, माय. पेटलं धुराडं. सगळे लोकं उठले. कुंभारबुवा आला. आता पंगत बसली." हॉलमध्ये इतकी शांतता होती की हे आमच्या सगळ्या रांगांना ऐकू गेलं.

दिवे लागले. एकही मूल रडत नव्हतं. रडली असती तर बरं झालं असतं. सगळी आपापल्या जागी गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली, आणि सरांकडे पाहत. म्हातारीनं मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. मग ती मोठ्यानं म्हणाली, "बाबू, सगळे जेवाले बसले, तं मंग हे पोट्टे इतके चूप काहून हायेत?"

सरांनी कॉलरमधला रुमाल काढला आणि हातात धरून ठेवला. आम्ही मुलांना रांगेत उभं केलं आणि पुलावरून परत आणलं. म्हातारीचा दुसरा हात येताना कोणी धरला नव्हता.

शुक्रवारी शेवटच्या तासाला पलीकडे खिडक्या लावल्याचा आवाज आला. मी फळ्यावर लिहायचं थांबले. माझ्याही वर्गात कोणी हलत नव्हतं.

"तं पोरंहो," सरांचा आवाज आला, "सोमवारी आपण जे पाह्यलं त्यात एक गोष्ट झाली. शेवटची रीळ टॉकीजवाल्यानं लावलीच नाही. सकाळच्या खेळाले थे तसंच करतेत. आता खरं सांगतो."

"सर, आमी पाह्यलं ना," निकिता म्हणाली.

"हाव, पण रीळ..."

"रीळ नव्हती, तं तुमी आजीले काय सांगून राहिले होते? पडद्यावर थे फुटून राहिली होती, आन् तुमी म्हणत होते, पोचली."

प्लायवूडच्या या बाजूला मी हातातला खडू खाली ठेवला.

"मंग बाकीचे पिक्चर बी असेच काय, सर?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना उत्तर देता आलं असतं. "आन् मिल?"

मग एक खिडकी उघडली, मग दुसरी. "पुस्तकं काढा," सर म्हणाले. उरलेला तास त्यांनी कुठल्या तरी तहाची कलमं वाचून दाखवली.

पुढच्याच आठवड्यात निकिताचे वडील दाखला न्यायला आले. सुरतेची गाडी रात्रीची होती. व्हरांड्यात तायडे सर दिसले तेव्हा त्यांनी हात जोडले. "पोरगी म्हणे सर म्हंतेत थांबा, म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले. "सगळे ओळखीचे पहिलेच गेले. आता तिथं बी भरती बंद हाय म्हंतेत. पाहू." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतील, सुरतेला सगळं चांगलं होईल. पण ते नुसते निकिताच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. तिनं डोकं काढून घेतलं नाही, वरही पाहिलं नाही.

ब तुकडीचा पट मग भराभरा खाली आला. मुलं का जात होती हे मी सांगू शकत नाही. मंदी होतीच. गोष्टीच्या जोरावर शाळा चालत नसतात हे मला गणित शिकवणारीला कळतं. तरी मला आजही वाटतं की त्यांना तिथं धरून ठेवणारं जे काही होतं ते त्या सोमवारी सुटलं.

सरांनी एकदाच, स्टाफरूममध्ये दोघंच असताना, त्या संध्याकाळचं सांगितलं. पातूरला घरी पोचल्यावर माय पायरीवर बसली ती उठेना. मग तिनं एकेक करून विचारायला सुरुवात केली. "बाबू, थे सून? विहिरीवरची?" "गेली, माय." "तो टांगेवाला?" "तो बी." "थे दोघं भाऊ?" "धाकला वाचला. मोठा गेला." कित्येक वर्षांचे पिक्चर तिच्या ध्यानात होते, माणसांच्या नावांसकट. अंधार पडेपर्यंत ती विचारत होती आणि सर सांगत होते. त्या एका संध्याकाळी तिची सगळी माणसं गेली. घरात मयत झाल्यासारखी ती न जेवता निजली. "खरं का सांगितलं?" मी विचारलं. सर म्हणाले, "मॅडम, ती हात धरून बसली होती. हातावरून समजे तिले."

जूनमध्ये ब तुकडी बंद झाली. निरोपाचा कार्यक्रम वगैरे काही झाला नाही. सर खुर्चीवरचा आपला रुमाल घेऊन गेले आणि बडीशेपेची डबी टेबलाच्या खणात विसरले. पुढं शाळाही बंद पडली. मी अमरावतीला एका कोचिंग क्लासला लागले, कारण गणिताला मंदी नसते. इतिहासाला आणि मराठीला असते.

त्यानंतर सर मला एकदाच दिसले. भाचीच्या हट्टापायी मी अमरावतीच्या मल्टिप्लेक्सला गेले होते. मध्यंतरात ती पॉपकॉर्नच्या रांगेत, आणि मी पडद्याच्या डाव्या अंगाच्या दारापाशी हवेला उभी. दाराशी मरून रंगाच्या युनिफॉर्ममध्ये एक पांढऱ्या केसांचा माणूस, हातात टॉर्च, कॉलरच्या आत रुमाल. रुमालावरून ओळखलं.

"मॅडम," ते म्हणाले. "तुमी पिक्चर पाहता?"

मला हसू आलं, आणि लगेच रडूही. मी त्यांच्या कामाची चौकशी केली. काम सोपं होतं. खेळ संपायच्या थोडं आधी आत जायचं, दार उघडायचं आणि लोकांना बाहेर वाट दाखवायची. शाळांत वय झालं म्हणून कोणी घेत नव्हतं, क्लासेसना इंग्रजी लागायचं.

"म्हणजे रोज शेवट पाहायला मिळतात," मी म्हटलं. म्हणायला नको होतं.

"पडद्याकडे पाठ करून उभा राहतो," ते म्हणाले. "लोकांचे तोंडं पाहतो. तोंडावरून समजते, मेलं का वाचलं."

मी मायचं विचारलं.

"गेली," ते म्हणाले. बराच वेळ टॉर्चचं बटण चाळवत राहिले. "आता खरं सांगतो, मॅडम. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात होती. माहा हात धरून विचारे, बाबू, मी वाचीन काय? मी म्हटलं, वाचशीन माय, डॉक्टर म्हंतेत सोमवारी घरी. तं हसली. म्हणे, हे तुह्यं दुरुस्त केलेलं होय ना? मंग तिनं हात सोडला. सोमवारपर्यंत होती, पण पुन्हा नाही धरला."

घंटा वाजली. भाची हाका मारू लागली आणि मी आत गेले.

उरलेला पिक्चर मी पाहिला की नाही मला सांगता येत नाही. पडद्यावर एक मुलगी होती, ती आजारी होती, आणि मी, जिला कधी डोळे पुसणं जमलं नाही ती, सारखी मनात म्हणत होते, हिला वाचवा रे कोणीतरी. शेवटच्या मिनिटांत बाजूचं दार उघडलं आणि उजेडाची एक पट्टी आत आली. सर पडद्याला पाठ करून उभे राहिले. मुलगी मेली. लोक उठले. मी चेहरा नीट केला, ओठ ताणून थोडं हसू आणलं आणि गर्दीतून दारापाशी आले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "वाचली?" त्यांनी हळूच विचारलं.

"वाचली, सर," मी म्हटलं. "सगळे जेवायला बसले."

ते माझ्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहत राहिले. मग त्यांनी टॉर्च माझ्या पायांपुढं धरला आणि म्हणाले, "डाव्या हातानं जा, मॅडम. तिकडं पायरी हाय."